जुन्या चिरेबंदी घराला चार कॅमेरे: नेमके कुठे बसवावे?

मूळघर_पेडणे

गोव्यात पेडणे तालुक्यात आमचं मूळ घर आहे. चिऱ्यांचं, वर मंगळुरी कौलं, नुसता तळमजला. दर्शनी बाजू पश्चिमेला, पुढे बाल्कांव (दारापुढची बसायची पडवी), तिथून फाटकापर्यंत १४ मीटर अंगण आणि फाटकाबाहेर पंचायतीचा रस्ता. मागे स्वयंपाकघराचं दार, विहीर, त्यापलीकडे माडांची बाग. बागेला कुंपण नाही, कमरेएवढा गडगा (रचलेल्या दगडांची भिंत) आहे. दक्षिणेला शेजाऱ्यांचं घर, मध्ये जेमतेम सव्वा मीटरची बोळ. उत्तरेला मोकळं. दर्या दीड किलोमीटरवर. घरात आई-बाबा दोघंच; बाकीचे आम्ही चवथीला आणि मे महिन्यात. घर तिघा भावांच्या नावावर आहे.

बसवणाऱ्याने घराच्या चार कोपऱ्यांवर लोखंडी पाइप उभारून, कौलांच्या वर, ४ मीटर उंचीवर चार कॅमेरे सुचवलेत. सगळे ४ मेगापिक्सेल, २.८ मिमी लेन्सचे, म्हणजे "सगळं दिसेल". ही मांडणी बरोबर आहे का?

फोंड्याचा_तारवाला

नाही. चार कोपरे आणि चार मीटर ही मांडणी नकाशावर छान दिसते, पण तिच्यात माणूस ओळखू येत नाही. बसवणाऱ्याला ती सोपी पडते म्हणून ती सगळीकडे दिसते.

हिशेब सरळ आहे. २.८ मिमी लेन्सची दृष्टी साधारण १०० ते ११० अंश रुंद असते. कॅमेऱ्यापासून १० मीटरवर ती जवळजवळ २७ मीटर रुंदीचा पट्टा दाखवते. ४ मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे २५६० पिक्सेल असतात, म्हणजे मीटरला सुमारे ९५. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटीमीटर रुंद, त्याच्या वाट्याला १५ पिक्सेल आले. एवढ्यात कोणीतरी आलं होतं इतकंच कळतं. अनोळखी माणूस ओळखण्यासाठी मीटरला २५० पिक्सेल आणि माहितीतला माणूस ओळखण्यासाठी १२५, हा या कामातला रूढ हिशेब आहे. २५० हवे असतील तर २.८ मिमीचा ४ मेगापिक्सेल कॅमेरा पावणेचार मीटरपर्यंतच उपयोगी; २ मेगापिक्सेलचा तर तीन मीटरच्याही आत.

दुसरं उंचीचं. ४ मीटरवरून जवळच्या माणसाची टोपी आणि टाळू दिसते. चेहऱ्यासाठी कॅमेऱ्याची नजर आडव्या रेषेपासून १५ ते २० अंशांपेक्षा जास्त खाली झुकलेली नको. कॅमेरा २.५ मीटरवर असेल तर माणूस अडीच-तीन मीटरवर असताना हा कोन मिळतो.

म्हणून कोपरे सोडा आणि वाटा धरा. घरात शिरणारा माणूस कुठल्या तीन-चार जागांवरून गेल्याशिवाय राहूच शकत नाही, ते आधी ठरवा. तुमच्या वर्णनावरून माझी मांडणी अशी:

पहिला कॅमेरा बाल्कांवात. दक्षिणेकडच्या खांबावर किंवा भिंतीवर, २.२ ते २.४ मीटर उंचीवर, नजर उत्तरेकडे, म्हणजे दारावर तिरकी. लेन्स २.८ मिमी. पायरी चढणारा आणि दारात उभा राहिलेला, दोघांचेही चेहरे पावणेचार मीटरच्या आत येतात.

दुसरा मागच्या दाराला. मागच्या भिंतीवर, दाराच्या दक्षिणेला दोन-अडीच मीटर सरकवून, नजर भिंतीलगत उत्तरेकडे. दार आणि विहिरीची बाजू एकाच चित्रात येते.

तिसरा फाटकासाठी. बाल्कांवाच्या दर्शनी कोपऱ्यावरून, पण लांब लेन्सचा. १४ मीटरवर ६ मिमी लेन्स मीटरला १९० च्या आसपास पिक्सेल देते, ८ मिमी लेन्स सुमारे २५०. म्हणजे इथे ८ मिमी. किंवा २.७ ते १३.५ मिमीचा बदलत्या लेन्सचा घ्या आणि शिडीवर उभं राहून फाटकाची रुंदी चित्रात जुळवा.

चौथा कुठे, ते बोळीला खिडक्या आहेत की नाहीत यावर ठरेल.

तिसवाडीची_वास्तुकार

तारवालेबाबांनी पहिला आणि दुसरा कॅमेरा उत्तरेकडे का वळवला ते सांगून टाकते, कारण गोव्यात पश्चिमाभिमुख घरं भरपूर आहेत. दाराच्या वर कॅमेरा लावून तो सरळ पश्चिमेकडे रोखला, तर दुपारी चारनंतर सूर्य पाहुण्याच्या पाठीमागे येतो आणि चेहरा काळा पडतो. आपल्याकडे सूर्यास्ताची जागा डिसेंबरात नेमक्या पश्चिमेच्या २४ अंश दक्षिणेला, तर जूनमध्ये २४ अंश उत्तरेला असते. एवढा पट्टा वर्षभर टाळायचा. उत्तरेकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या भिंगात ऊन थेट जवळपास शिरतच नाही. मागच्या दाराचं सकाळी तेच, फक्त बाजू पूर्वेची.

फाटकाचा कॅमेरा पश्चिमेकडेच पाहणार, त्याला इलाज नाही. तिथे १२० डेसिबलचं खरं डब्ल्यूडीआर (प्रखर उजेड आणि सावली एकाच चित्रात सांभाळणारी सोय) असलेलं मॉडेल घ्या (माहितीपत्रकात "डिजिटल डब्ल्यूडीआर" लिहिलं असेल तर ते हे नव्हे). भिंगावर पुढे आलेली झापडी असू दे. आणि आकाश चित्रात घेऊ नका. फाटकाची वरची कड चित्राच्या वरच्या कडेजवळ येईल इतका कॅमेरा खाली झुकवा.

मूळघर_पेडणे

धन्यवाद दोघांनाही. बोळीत शेजाऱ्यांच्या न्हाणीघराची जाळी आणि आमच्या दोन खिडक्या आहेत, गज जुने लोखंडी. दुसरा प्रश्न पावसाचा. पश्चिमेची झड बाल्कांवात आतपर्यंत येते. कॅमेरा "आयपी ६७" आहे म्हणाले, म्हणजे चिंता नको ना?

दर्यावर्दी_बार्देस

आयपी ६७ ही धूळ-पाणी आत न शिरण्याची खूण कॅमेऱ्याच्या डब्यापुरती असते. कॅमेऱ्यामागे जी वीतभर वायर लोंबते आणि तिच्या टोकाला जोड असतो, त्या जोडाला ती लागू नाही. गोव्यात कॅमेरे मरतात ते बहुतेक तिथेच. पीओईमध्ये (डेटाच्या तारेतूनच वीज देण्याच्या पद्धतीत) त्याच तारेतून सुमारे ४८ व्होल्ट वीज जाते. जोडात खारट ओल शिरली की सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना आतून हिरव्या पडतात. आधी रात्री कॅमेरा बंद-चालू होऊ लागतो, कारण रात्री इन्फ्रारेड दिवे लागून विजेची ओढ वाढते. मग एक दिवस तो कायमचा जातो.

करायचं ते असं. प्रत्येक कॅमेऱ्यामागे त्याच्या मापाचा जंक्शन बॉक्स घ्या आणि जोड त्याच्या आत ठेवा. जोडात डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा. बॉक्समध्ये वायर खालच्या बाजूने, रबरी ग्लँडमधून आत घ्या आणि आत शिरण्याआधी तिला १० सेंटीमीटर खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, बॉक्सपर्यंत चढणार नाही. बॉक्सची वरची आणि बाजूची कड सिलिकॉनने बुजवा, खालची कड मोकळी सोडा. चारी बाजू बुजवल्या तर आतली वाफ बाहेर पडत नाही आणि भिंगावर आतून धुकं धरतं.

दर्या दीड किलोमीटरवर असेल तर स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या. डब्यासोबत येणारे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात, मग कॅमेरा उतरवताना डोकं तुटतं. कौलांवर लोखंडी पाइप तर अजिबात नको. पाइपाच्या बुडाशी कौल फोडावं लागतं, तिथे गळती लागते, आणि उंच पाइप वाऱ्यात हलतो तेव्हा चित्र हलतं.

आकार टरेट घ्या, म्हणजे भिंग उघडं आणि वर गोल घुमट नसलेला. घुमटावर खाऱ्या हवेचा थर बसतो, आणि रात्री कॅमेऱ्याचाच प्रकाश त्यावर पसरून सगळं चित्र दुधाळ होतं.

चिरेकाम_सत्तरी

भोक पाडण्याबद्दल कोणी बोललं नाही. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. काँक्रीटसारखं हॅमर चालवून ६ मिमीचा प्लग ठोकलात तर भोक मोठं होतं, कडा सुटतात आणि प्लग फिरत राहतो. हॅमर बंद ठेवा, नुसतं फिरवून पाडा. ८ मिमीचा, किमान ६० मिमी लांब नायलॉन प्लग घ्या. गिलावा २० ते २५ मिमीचा असतो, तो धरत नाही. प्लग गिलाव्यापलीकडे चिऱ्यात पूर्ण गेला पाहिजे. दोन चिऱ्यांच्या सांध्यात भोक नको. जुन्या घरांचे सांधे मातीचे असतात, तिथे काहीच धरत नाही. चिरा फारच भुसभुशीत लागला तर केमिकल अँकर (भोकात भरून घट्ट होणारं रसायन) वापरा, आणि भरण्याआधी भोकातली लाल भुकटी फुंकून, ब्रश फिरवून साफ करा.

वायरसाठी भिंतीतून आरपार भोक पाडताना ते आतून बाहेर उतरतं पाडा. सपाट किंवा आत उतरतं भोक म्हणजे झडीचं पाणी थेट खोलीत.

फोंड्याचा_तारवाला

चिरेकामवाल्यांचं शेवटचं वाक्य बसवणाऱ्याला काम सुरू होण्याआधीच सांगा.

कौलारू घराची आणखी एक अडचण आहे. पाख्याखाली भिंतीला कॅमेरा लावला की पावसाळ्यात त्याच्यासमोर दोन-तीन हातांवर पागोळ्यांचा पडदा असतो. दिवसा तो चालून जातो. रात्री इन्फ्रारेड प्रकाश त्या पाण्यावर आपटून परत येतो आणि पांढऱ्या रेघांपलीकडे काही दिसत नाही. मागच्या दाराच्या कॅमेऱ्यासमोर पाख्याला दोनेक मीटर लांबीची पीव्हीसी पन्हळ लावा आणि पाणी बाजूला उतरवा. खर्च किरकोळ, फरक मोठा.

रात्रीचं चित्र बिघडवणारं दुसरं कारण म्हणजे जवळचा पृष्ठभाग. खांब, वासा, चुन्याने रंगवलेली भिंत चित्राच्या कडेला आली तरी तिच्यावरून प्रकाश उसळतो, कॅमेरा आपली संवेदनशीलता कमी करतो आणि अंगण काळं पडतं. बाल्कांवात हा धोका जास्त, कारण तीन बाजूंनी भिंती. तिथे कॅमेऱ्याचं इन्फ्रारेड बंदच करा, ५ ते ७ वॅटचा पिवळसर एलईडी रात्रभर चालू ठेवा आणि चित्र रंगीत घ्या. कपड्यांचा रंग कळणं तक्रारीच्या वेळी फार कामाचं असतं.

कोळ्यांचंही बघा. इन्फ्रारेडकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी. भिंगासमोर एक धागा आला तरी रात्रभर हालचालीच्या सूचना येत राहतात. बागेकडच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेडचा दिवा वेगळा, कॅमेऱ्यापासून दीड-दोन मीटर दूर लावला तर जाळी दिव्याजवळ होतात, भिंगाजवळ नाही.

मूळघर_पेडणे

वायफाय कॅमेरे लावले तर भोकांचा प्रश्नच मिटेल ना? आणि फाटकाच्या खांबावर एक लावून गाडीचा नंबर मिळेल का?

दर्यावर्दी_बार्देस

वायफायच्या बहुतेक कॅमेऱ्यांना विजेची वायर लागतेच, म्हणजे भोक टळत नाही. चिऱ्याची भिंत दीड-दोन हात जाड, त्यात पावसाळ्यात ओली. सिग्नल तिच्यातच मरतो. बाहेरच्या चारही जागांना कॅट-६ (नेटवर्कची तार) ओढा. तारेत शुद्ध तांबं हवं. बाजारात स्वस्तात मिळते ती बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, टोक चाकूने खरवडलं की आत चांदीसारखं दिसतं. बाहेरच्या भागासाठी काळ्या पॉलिथिलीन आवरणाची घ्या, घरातली करडी पीव्हीसीची उन्हात तडकते.

नंबरप्लेटसाठी वेगळा कॅमेरा लागतो. चेहरा आणि प्लेट एकाच कॅमेऱ्यात रात्री मिळत नाहीत. प्लेटसाठी शटर सेकंदाच्या २५०व्या भागाहून कमी वेळ उघडं ठेवावं लागतं, नाहीतर हेडलाइटमध्ये प्लेट पांढरी फटक होते. पण त्या शटरला बाकी सगळं चित्र काळं. शिवाय गाडीच्या वाटेशी कोन ३० अंशांच्या आत हवा. तुमच्याकडे पंचायतीचा रस्ता फाटकाला समांतर जातो, त्यामुळे हा कोन जमणं कठीण. मी प्लेटचा नाद सोडीन.

फाटकाच्या खांबावर काही लावायचंच झालं तर तिथपर्यंत तांब्याची डेटा-तार पुरू नका. मे-जूनला आणि ऑक्टोबरात वीज पडते तेव्हा अंगणातली तार अँटेनाचं काम करते आणि एनव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) पोर्ट, कधी कधी अख्खा एनव्हीआर जातो. जांभ्या खडकात अर्थिंगही सहजी चांगलं मिळत नाही, मे महिन्यात तर खड्डा कोरडाच असतो. ऑप्टिकल फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची तार जोडणारी डबी), हाच तिथला मार्ग. बाल्कांवातून ८ मिमीने फाटक दिसत असताना याची गरज नाही.

कागदपत्र_पणजी

जागा ठरवताना कायद्याच्या दोन गोष्टी पाहा.

घर तिघांच्या नावावर आहे. सामाईक घराच्या आत, सहमालकांच्या संमतीशिवाय कॅमेरे लावणं हा खासगीपणाचा भंग ठरतो, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. गोव्यात वाटण्या न झालेली घरं किती आहेत ते आपल्याला माहीत आहे. तिघा भावांची लेखी संमती घ्या: कुठले कॅमेरे, कुठे, पासवर्ड कोणाकडे, चित्रण किती दिवस राहील. आणि आई-बाबांना विचारा. तिथे राहणारे तेच आहेत.

बोळीत शेजाऱ्यांच्या न्हाणीघराची जाळी चित्रात येणं ही गंभीर बाब आहे. बाई न्हाताना किंवा कपडे बदलताना पाहणं, टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. "आम्ही पाहत नाही" म्हणून भागत नाही. बोळीतला कॅमेरा त्या जाळीकडे पाठ करूनच लावा, आणि वर प्रायव्हसी मास्कचा काळा चौकोन कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये टाका, नुसता मोबाइल ॲपमध्ये नको. कॅमेऱ्यात टाकलेला मास्क चित्रणातच जातो. मग शेजाऱ्यांना बोलावून पडद्यावर दाखवा.

तिसवाडीची_वास्तुकार

बोळीचं उत्तर यातच आहे. कॅमेरा बोळीत नकोच. बोळीच्या मागच्या तोंडाशी, तुमच्याच भिंतीवर, नजर पूर्वेला विहिरीकडे आणि गडग्याकडे. बोळीतून मागे येणारा माणूस कॅमेऱ्याखालून पुढे जाईल आणि पाठमोरा दिसेल, पण मागच्या दाराकडे वळला की दुसरा कॅमेरा त्याचा चेहरा घेतो. चौथ्याची लेन्स ४ मिमी. सकाळचं ऊन थोडं खाईल, चालेल. बोळीतल्या दोन खिडक्यांचे जुने गज बदला, ते काम कॅमेऱ्याने होणार नाही.

फोंड्याचा_तारवाला

मला हे पटत नाही. फाटकातून आत आलेला माणूस बाल्कांवाकडे न वळता सरळ बोळीत शिरला, तर फाटकाचा कॅमेरा एकटा त्याला पकडतो. बोळीच्या पुढच्या तोंडावर नजर हवीच. कॅमेरा पुढच्या कोपऱ्यावर, नजर बोळीच्या उलट, अंगणाकडे. म्हणजे बोळीत शिरणारा समोरून दिसतो आणि न्हाणीघर पाठीमागे राहतं. बागेकडून येणारा शेवटी मागच्या दाराशीच येणार.

तिसवाडीची_वास्तुकार

हे जास्त बरं. समोरून चेहरा मिळतोय, मास्कचीही गरज नाही. गडग्याकडे मग कॅमेऱ्याऐवजी हालचालीवर लागणारा दिवा लावा. पण त्याच्या टप्प्यात माडाची चुडतं येऊ देऊ नका, नाहीतर वाऱ्यात रात्रभर लागत राहील.

आणि कौलारू घर आहे हे विसरू नका. कौलं सारून वरून उतरणाऱ्याला बाहेरचा एकही कॅमेरा रोखत नाही. सगळ्या खोल्यांची दारं जिथे उघडतात त्या मधल्या चौकात एक आतला कॅमेरा, घर बंद असतानाच चालू. संमतीपत्रात हा कॅमेरा वेगळा लिहा.

मूळघर_पेडणे

आतला कॅमेरा वायफायचा चालेल ना? आणि एनव्हीआर कुठे ठेवायचा? बसवणारा टीव्हीखाली म्हणतोय.

दर्यावर्दी_बार्देस

आतला वायफायचा चालेल, १२८ जीबीचं हाय-एन्ड्युरन्स कार्ड घाला. २ एमबीपीएसने दिवसाला साधारण २१.६ जीबी लागतात, म्हणजे पाच-सहा दिवस बसतात.

टीव्हीखाली एनव्हीआर म्हणजे चोराने टीव्हीसोबत उचलायचा. माळ्यावरही नको, कौलांखाली मेमध्ये तापमान डिस्क मारतं. आतल्या भिंतीवर, ओल नसलेल्या, कुलपाच्या कपाटात, वर-खाली हवेची भोकं ठेवून. चार कॅमेरे एच.२६५ (चित्रण दाबून साठवण्याची पद्धत) मध्ये प्रत्येकी २ एमबीपीएसने दिवसाला ८६ जीबी घेतात. २ टीबीच्या सर्व्हेलन्स डिस्कवर सुमारे तीन आठवडे. एनव्हीआर, चार कॅमेरे आणि राउटर मिळून ४५ वॅटच्या आसपास. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस तासभरच टिकतो. पावसाळ्यात वीज कधी रात्रभर नसते, म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर घ्या.

खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे एसटीक्यूसी (सरकारी चाचणी संस्था) प्रमाणपत्र मागा, एप्रिल २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना सरकारच्या सुरक्षा-अटी लागू आहेत. मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आणि राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट एनव्हीआरपर्यंतची उघडी वाट) करू देऊ नका.

फोंड्याचा_तारवाला

भोकं पाडण्याआधी एक संध्याकाळ द्या. लांब काठीला एक कॅमेरा बांधा, पीओई इंजेक्टरने चालू करा आणि ठरलेल्या प्रत्येक जागी तेवढ्याच उंचीवर धरा. दुसरा माणूस फाटकापासून दारापर्यंत, बोळीपर्यंत, विहिरीपर्यंत चालू दे. एकदा सूर्य मावळताना, एकदा पूर्ण अंधारात. चित्रण मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर थांबवून पाहा. चेहरा पटत नसेल तर कॅमेरा हातभर सरकवा किंवा लेन्स बदला. पटला की मगच भिंतीवर पेन्सिलची खूण.

कागदपत्र_पणजी

एनव्हीआरची वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळते का, तेही त्याच दिवशी तपासा. चित्रण पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं, त्यात फाइलचा हॅशही (फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा) येतो. घड्याळ वीस मिनिटं मागे असेल तर तिथूनच वाद सुरू होतो. घटना घडली की मूळ फाइल पेनड्राइव्हवर लगेच काढा. पडद्याचं मोबाइलवर केलेलं चित्रण मूळ फाइलच्या जागी चालत नाही, आणि तीन आठवड्यांनी डिस्क त्याच जागेवर नवं लिहिते.

मूळघर_पेडणे

भावांशी बोललो, दोघंही तयार आहेत. बसवणाऱ्याला नवी मांडणी पाठवली: बाल्कांव, फाटकासाठी ८ मिमी, मागचं दार पन्हळीसह आणि बोळीचं पुढचं तोंड. पाइप रद्द. शनिवारी काठीची चाचणी. पाऊस सुरू व्हायच्या आत काम उरकायला सांगितलंय.

चिरेकाम_सत्तरी

उरकेल. गिलाव्यावर शेवाळ असेल तर जंक्शन बॉक्स बसवण्याआधी तेवढी जागा खरवडून सुकू द्या, सिलिकॉन ओल्या शेवाळावर धरत नाही.